समुद्रकड्याखालच्या धबधब्याचा ट्रेक : आखणी परतीच्या वेळेपासून सुरू करा

समुद्राला लागून असलेल्या दुर्गम धबधब्यावर जाणारे लोक तयारी करत नाहीत असं नाही. हवामान पाहतात, नकाशा डाउनलोड करतात, ओहोटीची वेळही पाहतात. चुकतो तो शेवटचा हिशेब. 'ओहोटी दुपारी १ वाजता' एवढं वाचायचं, १ वाजता धबधब्यापाशी पोहोचायचं, तासभर फोटो काढायचे आणि मग निघायचं. जाताना पाणी उतरत असतं, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. परतताना तेच पाणी चढत असतं आणि मघाशी कोरडी असलेली वाट लाटांखाली गेलेली असते.

म्हणून इथे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. पहिले सहा घरी बसून करायचे आहेत. तेच लोक गाळतात.

## टप्पा १ : धबधबा कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

समुद्रकाठचे धबधबे तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचा मुख्य धोका वेगळा असतो.

काही धबधब्यांच्या तळाशी जायचंच नसतं. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरचा मील्ट धबधबा सुमारे ५५ मीटर उंचीच्या कड्यावरून सरळ खाली पडतो. तो वरच्या कठड्याआडून पाहायचा. कॅलिफोर्नियात बिग सरच्या किनाऱ्यावरचा मॅकवे धबधबा साधारण २४ मीटरचा. त्याच्या पायथ्याशी सुरेख पुळण दिसते, पण तिथे उतरायला बंदी आहे. खाली वाळू दिसली म्हणजे वाट असणार, हा समज इथेच सोडून द्या. या प्रकारात धोका कड्याच्या काठाचा.

दुसरा प्रकार पुळणीवर पडणारा आणि पुळणीवरूनच गाठायचा. कॅलिफोर्नियातल्याच पॉइंट रेज भागातला अलामिअर धबधबा असा आहे. पालोमारिनपासून वाइल्डकॅट कॅम्पमार्गे जाऊन-येऊन सुमारे २१ किलोमीटर चाल होते आणि शेवटचा दीडेक किलोमीटर कड्याखालच्या वाळूवरून जातो. तिथे एक जवळची चोरवाटही प्रसिद्ध आहे. ती ठिसूळ उतारावरून जाते आणि ती वापरू नका असं उद्यानाचं प्रशासनच सांगतं. या प्रकारात धोका भरतीचा.

तिसरा प्रकार किनाऱ्यापासून आत, घळीत लपलेला. हवाईतल्या काउआई बेटावर हनाकापिआई पुळणीपर्यंत कड्याकडेची वाट आहे आणि तिथून ओढ्याच्या काठाने आत गेलं की धबधबा येतो. वाटेत ओढा ओलांडावा लागतो. वर डोंगरात पाऊस झाला की तो फुगतो आणि ट्रेकर पलीकडे अडकतात. इथे धोका समुद्रापेक्षा ओढ्याचा.

तुमचा धबधबा यातला कोणता ते कागदावर लिहा. काही ठिकाणी दोन प्रकार एकत्र असतात. मग दोन्ही हिशेब करायचे.

तपासा : तळापर्यंत जायला परवानगी आहे का? वाट सध्या चालू आहे का? समुद्रकड्यांच्या वाटा दरड पडून रातोरात बंद होतात, त्यामुळे माहिती त्याच आठवड्यातली हवी.

## टप्पा २ : नकाशावर चिंचोळी जागा शोधा

पुळणीवरून जाताना आधी बुडते ती धबधब्याखालची जागा नव्हे. तिथे अनेकदा ओढ्याने कडा खाऊन थोडी मोकळी जागा केलेली असते. आधी बुडतो तो वाटेतला एखादा सुळका, समुद्रात घुसलेलं कड्याचं नाक. तुमचं सगळं वेळापत्रक त्या एका जागेवर ठरतं.

मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर भरतीरेषा आणि कड्याची रेषा दोन्ही दाखवलेल्या असतात. त्या जिथे एकमेकींना चिकटतात तिथे भरतीला चालायला जागा नाही. अशा सगळ्या जागांवर खूण करा. दोन नाकांच्या मधला पट्टा म्हणजे पिंजरा : दोन्ही टोकं बंद झाली की आतल्याला वाट नाही. त्या पट्ट्यातून वर चढायला एखादी घळ किंवा पायऱ्या आहेत का ते पाहा. वर जाणारी वाट नकाशावर नसेल तर ती प्रत्यक्षातही नाही असं धरून चाला.

उपग्रहाच्या छायाचित्राने फसू नका. ते ओहोटीला टिपलेलं असलं तर सगळीकडे रुंद, प्रशस्त वाळू दिसते. शक्य तिथे वेगवेगळ्या तारखांची छायाचित्रं ताडून पाहा आणि ज्यात पुळण सर्वांत अरुंद दिसते तेच खरं माना. वाळूही कायम नसते. मोठ्या लाटांच्या मोसमात ती वाहून जाते आणि खालचे धोंडे उघडे पडतात. मोसम बदलला की त्याच वाटेला दुप्पट वेळ लागू शकतो.

## टप्पा ३ : भरतीचा हिशेब उलटा करा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या रविवारी गेलेल्या मित्राची वेळ या रविवारी चालणार नाही, हे यावरून उघड आहे. तरी लोक विचारतात, 'तुम्ही किती वाजता गेला होतात?'

ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ भाग पाणी चढतं. समजा चढ-उतार ४ मीटरचा आहे. पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर वाढ होते, आपल्याला वाटतं पाणी थांबलंय. तिसऱ्या तासात पूर्ण १ मीटर. म्हणजे घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी तासाभरात कंबरेच्या वर. आणि पुळण सपाट असेल, दर ५० मीटरला १ मीटर उताराची, तर त्याच तासात पाण्याची कड ५० मीटर आत येते. हा नियम अंदाजापुरता आहे. खाडीच्या मुखाशी किंवा दिवसातून एकच भरती येते अशा किनाऱ्यावर तो लागू पडत नाही.

आता उंची. वेळेइतकीच ती महत्त्वाची, आणि तक्त्यात तो दुसरा आकडा असतो म्हणून डोळ्यांआड होतो. एका दिवशीची ओहोटी ०.३ मीटरवर जाते, आठवड्याने तीच १.४ मीटरवर थांबते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण : पाणी खूप ओसरतं आणि तेवढंच वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती : चढ-उतार दोन्ही कमी. उधाणाच्या दिवशी नाकाखालची वाट छान उघडते, पण मिटतेही झपाट्याने. भांगाच्या दिवशी ती कदाचित उघडणारच नाही, मग ओहोटीची वेळ कितीही सोयीची असो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने उधाणाच्या ऐन दिवशी जाऊ नये. एक-दोन दिवस मागे-पुढे जावं आणि तक्त्यातल्या उंचीला वाट उघडते याची स्थानिक माहीतगाराकडून खात्री करून घ्यावी.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा ओहोटी १३:०० ला आहे आणि चिंचोळ्या जागेची वाट ओहोटीच्या आधी २ तास ते नंतर २ तास, म्हणजे ११:०० ते १५:०० उघडी असते. त्या जागेपासून धबधबा अर्ध्या तासावर आहे.

१५:०० ही वेळ खोडून टाका. परतताना ती जागा ओलांडायची तुमची अंतिम वेळ १४:००. हा एक तास आरामासाठी नाही. मुरगळलेल्या पायासाठी, वाऱ्याने वाढलेल्या पाण्यासाठी आहे. अंतिम वेळ १४:०० म्हणून ठरवलेली वेळ १३:१५. त्यासाठी धबधबा सोडायचा १२:४५ ला. म्हणजे ओहोटी पूर्ण व्हायच्या आधीच तुमची पाठ धबधब्याकडे वळलेली असते. बहुतेकांना हे पटत नाही, पण सगळी मेख इथेच आहे.

आता जाताना : ११:१५ ला नाक ओलांडा, ११:४५ ला धबधबा, तिथे एक तास. गाडीपासून नाकापर्यंत ५ किलोमीटर आणि एकूण ३०० मीटर चढ असेल तर नेहमीचा ठोकताळा ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला १ तास, म्हणजे दीड तास सांगतो. कड्याच्या वाटा दर घळीत उतरतात आणि पुन्हा चढतात, म्हणून त्याला दीडपट करा : सव्वादोन तास. पुळणीवर उतरायला पाऊण तास. एकूण ३ तास, म्हणजे निघायचं ८:१५ ला. परतीच्या चढाला साडेतीन तास धरले तर १३:१५ नंतर गाडीपाशी १६:४५. सूर्यास्त १८:१५ ला असेल तर दीड तास हाताशी राहतो. यापेक्षा कमी उरत असेल तर दुसरा दिवस निवडा.

तपासा : तक्ता कोणत्या बंदराचा आहे? शेजारच्या बंदराची वेळ तुमच्या खाडीत बरीच मागे-पुढे असू शकते. जिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथे तक्ता कोणत्या वेळेत छापलाय तेही बघा. त्या एका तासात अख्खा हिशेब उलटतो.

सावध : तक्ता फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतो. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर राहतं, आणि किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर त्याहून कितीतरी अधिक. वादळी दिवशी तक्त्यातली ओहोटी तुम्हाला मिळणार नाही.

## टप्पा ४ : लाटांचा अंदाज वेगळा काढा

भरती आणि लाटा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पूर्ण ओहोटीला, स्वच्छ उन्हात, वारा नसतानाही हजारो किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या लाटा येऊन आदळतात.

समुद्राच्या अंदाजात तीन आकडे पाहा : उंची, दोन लाटांमधला कालावधी आणि दिशा. लोक फक्त उंची वाचतात. कालावधी ७-८ सेकंदांचा असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठलेली खळबळ. तो १४-१५ सेकंदांच्या वर गेला की त्याच उंचीच्या लाटेत कितीतरी जास्त ताकद असते आणि ती पुळणीवर खूप वरपर्यंत धावते. दोन मोठ्या लाटांच्या मधे समुद्र फसवा शांत दिसतो, त्यामुळे माणूस पुढे सरकतो. दिशा तुमच्या खाडीच्या तोंडाशी जुळत असेल तर बेत रद्द करा.

आणखी एक. अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तासांत एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येणं हा अपघात नाही, ते अपेक्षितच आहे.

## टप्पा ५ : पाऊस किनाऱ्यावर नाही, वर पाहा

धबधब्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र नकाशावर आखा आणि तिथला पाऊस पाहा : गेल्या दोन दिवसांचा आणि पुढच्या बारा तासांचा. छोटं, उताराचं, खडकाळ पाणलोट असेल तर पाऊस आणि लोंढा यांत फार अंतर नसतं.

इथे एक पेच आहेच. धबधबा भरून पाहायचा तर पाऊस हवा आणि कड्याखाली जायचं तर नको. ओलावा मुरला की दरडी सुटतात. मधला मार्ग असा : मोठा पाऊस थांबल्यावर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. धार थोडी बारीक होईल, पण उतरता तरी येईल.

## टप्पा ६ : सॅक आणि माणसं

बुटांचे तळवे मऊ रबराचे आणि खोल खाचांचे हवेत. झिजलेले बूट ओल्या कातळावर नकोत. हेल्मेट घ्या, कारण कड्याखाली जायचं आहे. सॅकमध्ये हेडटॉर्च (मोबाइलचा प्रकाश हात अडकवतो), शिट्टी, वारा अडवणारं जॅकेट, कोरडा गरम थर, आत शिरून ऊब धरायची चमकदार आपत्कालीन पिशवी, प्रथमोपचार, आणि सहा तास जास्तीचे काढावे लागले तर पुरेल एवढं पाणी-खाणं. सगळं जलरोधक पिशवीत. उंच कड्याखाली जीपीएस भरकटतं आणि मोबाइलला रेंज नसते, म्हणून छापील नकाशा घ्या. भरतीच्या वेळा त्याच्याच पाठीवर लिहा.

एकट्याने जाऊ नका. चार जण उत्तम : एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदतीला जातात.

मागे राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीला वाट, गाडीची जागा आणि दोन वेळा लेखी द्या : परत येण्याची अपेक्षित वेळ, आणि 'या वेळेपर्यंत फोन नाही आला तर मदत बोलाव' ही वेळ. दुसरी वेळ नसेल तर ती व्यक्ती रात्रभर नुसती काळजी करत बसते.

घर सोडण्यापूर्वी तपासा : भरतीची वेळ आणि उंची, लाटांचा कालावधी, वरचा पाऊस, वाट चालू असल्याची खबर. चारांपैकी एकही उत्तर 'बहुतेक' असेल तर कड्यावरूनच धबधबा पाहून परत या.

## टप्पा ७ : कड्यावरची चाल

समुद्राने कडा खालून पोखरलेला असतो. वर गवताची कड दिसते, तिच्याखाली काय आहे ते वरून कळत नाही. पुढच्या वळणावरून मागे वळून पाहिलंत की मघाशी आपण कशावर उभे होतो ते दिसतं. ही सवय लावून घ्या. काठाला समांतर गेलेली भेग, खचलेलं गवत, बाहेर झुकलेला कुंपणाचा खांब दिसला की त्याच्या आतल्या बाजूने जा. वाट काठाच्या अगदी जवळ आली असेल तर ती पूर्वी तिथे नव्हती, कडा तिच्याकडे सरकला आहे.

जोराच्या वाऱ्यात सॅक शिडासारखं काम करते. झोत किनाऱ्याकडून समुद्राकडे असेल तर तो तुम्हाला काठाकडे ढकलतो. अशा दिवशी अरुंद ट्रॅव्हर्स (कड्याच्या कडेने आडवी चाल) करू नका. ज्याला दृष्टिभय आहे, म्हणजे खोल दरी पाहून भीती वाटते, त्याला मधे ठेवा आणि घाई करायला लावू नका.

वाटेत ओढा ओलांडायचा असेल तर कुठे, हे आधी ठरवा. धबधब्याच्या माथ्याशी ओढा बहुधा उथळ आणि सोपा दिसतो, आणि तीच जागा सर्वांत जीवघेणी असते : पाय घसरला तर सावरायला पुढे काहीच नाही. बरंच वर, पाणी पसरट असलेल्या ठिकाणी ओलांडा. सॅकचे कंबर आणि छातीचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाकडे, काठी रोवलेली, एका वेळी एकच पाऊल. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. आणि लक्षात ठेवा, हाच ओढा संध्याकाळीही ओलांडायचा आहे. काठावर दगड ठेवून पाण्याची पातळी टिपून ठेवा.

## टप्पा ८ : उतरायचं की नाही

पुळणीवर उतरण्याआधी वर बसून समुद्र पाहा. पाच मिनिटं नव्हे, किमान वीस. मोठ्या लाटा टोळीने येतात आणि दोन टोळ्यांत दहा-पंधरा मिनिटंही जाऊ शकतात. नाकाखालच्या वाटेवर नजर ठेवा : वीस मिनिटांत एकाही लाटेचं पाणी कड्याला भिडलं तर वाट अजून उघडलेली नाही. तक्ता काही का म्हणेना.

उताराची वाट पाहताना एकच प्रश्न : इथून मला ओल्या बुटांनी, थकलेल्या पायांनी परत वर चढता येईल का? घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावरून, घसरत खाली जाणं कुणालाही जमतं. तोच घसारा वर चढताना पायाखालून निसटत राहतो. उलट, एखादा कातळटप्पा हौसेने चढून गेलात तर उतरताना पाय ठेवायची जागाच दिसत नाही. दोन्ही दिशांना जमेल तेच करायचं.

कुणीतरी बांधून ठेवलेला दोर दिसेल. त्याला वजन देऊ नका. ऊन आणि खारट हवेने दोर कमजोर होतो, आणि तो वर कशाला बांधलाय ते खालून दिसत नाही. दोराशिवाय उतरता येत नसेल तर ती वाट तुमच्यासाठी नाही.

सावध : एका मागोमाग एक उतरताना मधला प्रत्येक माणूस वरच्याच्या दगडांच्या माऱ्यात असतो. घळीत एका वेळी एकजण, बाकीचे आडोशाला.

## टप्पा ९ : तळाशी

पुळणीवर पाय ठेवताच मागे वळून उतरलेल्या वाटेचा फोटो काढा. खालून सगळ्या घळी सारख्याच दिसतात.

चालताना कड्याला चिकटू नका. कड्याखाली टोकदार, फिकट रंगाचे, शेवाळ न चढलेले दगड पडलेले असतील तर ते ताजे आहेत, आणि कड्यावर त्याच रंगाचा ओरखडा सापडेल. तिथून दूर व्हा. पण पाण्यालाही चिकटू नका. दोन्हींच्या मधली रेष धरा आणि समुद्राकडे पाठ करू नका.

कातळावर रंग वाचता आला पाहिजे. भरतीरेषेजवळ खडकांवर काळा, डांबर सांडल्यासारखा पट्टा असतो. तो कोरडा असताना चांगला पकडतो, भिजला की काचेसारखा होतो. हिरवं शेवाळ तर नेहमीच निसरडं. शिंपले-कालवांचा खडबडीत थर असलेला खडक त्या मानाने चांगला, फक्त हात टेकलात तर सोलून निघतील. गोल धोंड्यांवर उड्या मारत जाऊ नका. वेग ताशी एक किलोमीटरवर आला तरी चालेल, तो हिशेबात धरलेला असावा.

धबधब्यापाशी पोहोचल्यावर आधी घड्याळ, मग कॅमेरा. निघायच्या वेळेचा गजर लावा. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि त्याचा शब्द शेवटचा.

धारेखाली उभं राहायचा मोह आवरा. पाण्याबरोबर दगड येतात आणि पाण्याच्या आवाजात ते येताना ऐकू येत नाहीत. डोहात सूर मारू नका : तळ दिसत नाही आणि गेल्या मोसमात नसलेला धोंडा यंदा असू शकतो. धार पडते तिथलं पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेलं असतं, त्यात शरीर नीट तरंगत नाही, आणि उलटा फिरणारा प्रवाह माणसाला परत धारेखाली ओढतो. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर अचानक उतरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं श्वासावर ताबा राहत नाही. पडलातच तर पोहायची धडपड न करता पाठीवर तरंगा, श्वास सावरला की मग काठाकडे या.

ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे पोहू नका. कड्याच्या नाकांलगत समुद्राकडे ओढणारे प्रवाह असतात. लाटांच्या फेसात मधेच शांत, गडद दिसणारा पट्टा हा तोच प्रवाह, आणि नवखे लोक नेमके तिथेच उतरतात. ओढले गेलात तर त्याच्याशी झगडू नका. तरंगत राहा आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर बाजूला सरका.

लगेच निघा, जर : ओढ्याचं पाणी गढूळ झालं; पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या; धबधब्याचा आवाज बदलला; वरून एकही दगड पडला; किंवा नाकाखाली लाटेचं पाणी कड्याला भिडू लागलं. चर्चा वर चढल्यावर.

## टप्पा १० : परत

गजर वाजला की निघायचं. 'अजून ओहोटीच चालू आहे' हे त्या क्षणी खरंच असतं, म्हणून ते वाक्य धोकादायक. मागे राहणाऱ्यासाठी अख्खा गट थांबतो, त्यामुळे सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.

नाक ओलांडताना आधी थांबून लाटांची एक टोळी जाऊ द्या, मग सलग जा. मधे फोटो नाही. दोन नाकं असतील तर पहिलं ओलांडण्याआधी दुसऱ्याची अवस्था दिसते का ते पाहा. दिसत नसेल आणि वेळ निसटली असेल तर जिथे मोकळी जागा आहे तिथेच थांबणं बरं, मधल्या पिंजऱ्यात शिरू नका.

चढाला लागल्यावर पाय थकलेले असतात आणि लक्ष सैल. काठापासूनचं अंतर सकाळपेक्षा वाढवा. वर आल्यावर रेंज मिळताच ठरलेल्या व्यक्तीला कळवा. हे विसरल्यामुळे सुखरूप परतलेल्या माणसांसाठीही शोधपथक निघतं.

## टप्पा ११ : वाट बंद झालीच तर

नाकाला वळसा घालून पोहत जायचं नाही. कडा चढून सुटायचा प्रयत्न करायचा नाही. पाण्याने अडकलेला माणूस भिजतो, थंडीने कुडकुडतो, पण उंच जागेवर असेल तर बहुधा टिकतो. कड्यावर अर्ध्यात अडकलेल्याचं तसं नसतं.

भरतीची जुनी खूण शोधा : वाळलेलं शेवाळ, काटक्या, प्लॅस्टिक यांची ओळ. तिच्या वर, जिथे खडकावर जमिनीवरची झाडं-गवत उगवलेलं आहे तिथे समुद्र सहसा पोहोचत नाही. अशी जागा धरा, पण ताज्या दरडीखाली नको.

मदत लगेच मागा, उजेड असताना. पाणी पायाला लागेपर्यंत थांबू नका. ११२ हा क्रमांक युरोपात आणि भारतात चालतो. ब्रिटनमध्ये किनाऱ्यावर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. दुसऱ्या देशात असाल तर तिथला क्रमांक निघण्याआधी टिपून ठेवा. किती जण, कुणाला काय लागलंय, कोणत्या खाडीत, पाणी किती जवळ, एवढं सांगा आणि फोनची बॅटरी वाचवा. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा इशारे, एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

ओले कपडे बदला, वाऱ्याला पाठ करून सॅकवर बसा, एकमेकांना चिकटून राहा. हेलिकॉप्टर आलं तर टोप्या, पिशव्या, सुटं सामान दाबून धरा आणि खूण मिळेपर्यंत त्याच्याकडे जाऊ नका.

मदत आली नाही तरी पाणी उतरणारच आहे. भरती पूर्ण झाल्यावर वाट उघडायला आणखी चार-पाच तास लागू शकतात, आणि पहिली फट दिसताच धावणाऱ्याला मागून येणारी मोठी लाट गाठते. पुन्हा वीस मिनिटं पाहा. अंधार झाला असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर रात्र तिथेच काढून सकाळच्या ओहोटीला निघा.